कोलन कॅन्सर : गोळी थेट मोठ्या आतड्यात जाऊन उघडते म्हणतात, मग आईला ती का देत नाहीत?

रमा_इंदिरानगर

नमस्कार. मी नाशिकची. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच.

आईला (वय ६२) जुलैमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग). ऑपरेशन इथेच नाशिकला झालं आणि नीट पार पडलं. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये १६ पैकी २ लिम्फ नोड्समध्ये (आतड्याजवळच्या छोट्या ग्रंथी) कॅन्सरच्या पेशी आल्या, म्हणून तिसरी स्टेज. आता केमो चालू आहे: दर ३ आठवड्यांनी एक दिवस ऑक्झालिप्लॅटिनचं सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या १४ दिवस, सकाळी ३ आणि रात्री ३. मग ७ दिवस सुट्टी. अशा दोन सायकल झाल्या.

धाकट्या मामांनी एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात दाखवलंय की एक कॅप्सूल जठरात विरघळत नाही, लहान आतड्यातही नाही, थेट मोठ्या आतड्यात पोचून गाठीवरच औषध सोडते. बाकी अंगाला काही त्रास नाही. मामा रोज फोन करून विचारतात, "डॉक्टरांना सांगितलंस का?" आईचे तळहात लाल झालेत, आग होते. सकाळी नळाच्या गार पाण्याला बोट लागलं तरी झिणझिण्या येतात. ते बघून मलाही वाटतं की औषध जिथे हवं तिथेच जावं, हातापायांना कशाला शिक्षा?

ओपीडीत नंबर लागला की जेमतेम ५ मिनिटं मिळतात. रक्ताचा रिपोर्ट, डोस, पुढची तारीख यातच ती संपतात. म्हणून इथे विचारते. असं औषध खरंच आहे का? त्यासाठी मुंबईला टाटाला जावं लागेल का?

आणि एक छोटी शंका. गोळ्या मोठ्या आहेत, आईला गिळवत नाहीत. वहिनी त्या कुटून शिऱ्यात कालवून देते. चालतं ना?

अंबड_कोटिंग

ताई, बाकीचं रात्री सविस्तर लिहितो. गोळ्या कुटणं आत्ता, या क्षणापासून बंद करा. हे पेशी मारणारं औषध आहे. कुटताना भुकटी वहिनींच्या हाताला लागते, श्वासातून जाते. तो खलबत्ता बाजूला काढा, पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. गोळी अख्खीच, पाण्याबरोबर, जेवण झाल्यावर ३० मिनिटांच्या आत. गिळणं जमतच नसेल तर उद्याच डे-केअरच्या सिस्टरना फोन करून सांगा. त्यांच्याकडे मार्ग असतो.

रमा_इंदिरानगर

बापरे. वहिनीला लगेच फोन केला. घरात ५ वर्षांचा भाचा आहे, तो ओट्यापाशीच खेळत असतो. खलबत्ता गच्चीवर नेऊन ठेवलाय. तुमचे उपकार विसरणार नाही.

लासलगावकर

वाचतोय. आईंना लवकर आराम पडो.

स्मिता_कॉलेजरोड

रमा, तुला थेट आतड्यात उघडणाऱ्या गोळीबद्दल सांगू शकते, कारण मी ११ वर्षं तीच घेतेय. कॅन्सरसाठी नव्हे. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा. गोळी मेसालामाइनची. तिच्यावरचं आवरण आम्ल असलेल्या जठरात टिकतं आणि लहान आतड्याच्या शेवटी विरघळतं. औषध अस्तरावर पसरतं, रक्तात फार कमी जातं. मला या गोळीने आयुष्य परत दिलं. कॉलेजात शिकवताना दर तासाला वर्ग सोडून पळावं लागायचं, ते थांबलं.

पण व्हिडिओत दाखवतात तितकं ते नेमकं नसतं. पहिल्या वर्षी दोन-तीनदा अख्खी गोळी शौचातून बाहेर पडलेली दिसली. मी घाबरून रडले होते. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, वारंवार झालं तर सांगा.

अंबड_कोटिंग

आता सविस्तर. मी अंबड एमआयडीसीत एका औषध कारखान्यात टॅब्लेट कोटिंगला आहे, १७ वर्षं. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराबद्दल बोलणार नाही. गोळी कशी उघडते एवढं मात्र रोज डोळ्यांनी बघतो.

जठरात आम्ल जोरात असतं, पीएच साधारण १ ते ३ (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त). लहान आतड्यात शिरल्यावर तो ६ च्या आसपास येतो आणि लहान आतड्याच्या टोकाला ७ च्या वर जातो. काही पॉलिमर असे असतात की पीएच ७ च्या खाली विरघळतच नाहीत. युड्रॅजिट एस हे त्यातलं आमच्या धंद्यातलं नेहमीचं नाव. गोळीवर त्याचा थर चढवायचा. थर पातळ पडला तर गोळी वाटेतच फुटते, जाड पडला तर स्मिताताईंसारखी अख्खी बाहेर येते. पॅन फिरत असतो, गरम हवा आणि फवारा चालू असतो आणि आम्ही वजन वाढतंय किती ते बघत असतो. काही टक्क्यांचा खेळ.

मग परीक्षा. काचेच्या सहा भांड्यांत ३७ अंशाला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास. आतड्यात उघडणाऱ्या साध्या गोळीतून तोवर १० टक्क्यांपेक्षा जास्त औषध बाहेर येता कामा नये. नंतर द्रावण बदलून पीएच वाढवायचा. सहाही गोळ्या एकसारख्या उघडल्या की बॅच पास.

पण काचेचं भांडं म्हणजे माणसाचं पोट नव्हे. जेवण जड असेल तर जठरातून गोळी निघायलाच कित्येक तास लागतात. लहान आतड्यातून मात्र ती बहुतेकांत ३-४ तासांत पुढे जाते. आणि गंमत बघा, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पीएच पुन्हा खाली येतो, कारण तिथले जिवाणू तंतू आंबवून आम्लं तयार करतात. म्हणजे ज्या दाराची किल्ली ७ ची, ते दार ओलांडलं की किल्ली चालत नाही. आम्लपित्ताची गोळी नेहमी घेणाऱ्यांच्या जठरातही आम्ल कमी असतं, तिथेही गणित बिघडू शकतं.

एमफार्म_सर

अंबड_कोटिंग यांनी फार छान लिहिलंय. पुढचा भाग मी सांगतो. नाशिकमध्येच फार्मसी कॉलेजात शिकवतो आणि या विषयावर विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घेतले आहेत.

पीएचवर भरवसा नाही म्हणून दुसरी किल्ली शोधली गेली, ती म्हणजे मोठ्या आतड्यातले जिवाणू. तिथे एका ग्रॅममागे सुमारे १०० अब्ज जिवाणू असतात, लहान आतड्याच्या वरच्या भागात त्या मानाने नगण्य. आपण जे पचवू शकत नाही ते हे जिवाणू पचवतात. म्हणून औषधाभोवती पेक्टिन, ग्वार गम, इन्युलिन असं वेष्टन घातलं तर ते जठरात आणि लहान आतड्यात बऱ्यापैकी टिकतं आणि मोठ्या आतड्यात जिवाणू ते खातात. कल्पना जुनी आहे. सल्फासॅलाझिन या औषधात दोन रेणू एका नत्रबंधाने जोडलेले असतात आणि तो बंध मोठ्या आतड्यातले जिवाणूच तोडतात. स्वीडनमध्ये नन्ना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी १९४० च्या दशकात ते वापरात आणलं, तेव्हा बंध कोण तोडतं हे ठाऊकही नव्हतं.

कॅन्सरसाठी ५-एफयू हे जुनं औषध अशा वेष्टनात घालून पुष्कळ संशोधन झालंय. आमच्या विद्यार्थिनीने पेक्टिन आणि ग्वार गमच्या थराखाली ते ठेवलं होतं. उंदरांच्या आतड्यातला जिवाणूयुक्त गर द्रावणात घातला की थर सुटायचा, नाही घातला की बराच वेळ तसाच राहायचा. आलेख बघून आम्ही सगळे हरखलो होतो. पण माणसाच्या बाबतीत प्रत्येकाचे जिवाणू वेगळे, आणि अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला की कुलूप उघडणारेच गायब. प्रयोगशाळेतल्या आलेखापासून दवाखान्यातल्या गोळीपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे. व्हिडिओ करणारे तो एका उडीत पार करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण समोर रमाताईंसारखी घरं असतात.

सिन्नरची_मीरा

सर, ग्वार गम म्हणजे आपली गवारच का? आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असते, मुलं तोंड वाकडं करतात. त्यांना सांगू का आता, आतड्याचं औषध आहे म्हणून?

एमफार्म_सर

हो, गवारीच्याच बियांपासून. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात. भाजी जरूर करा, तंतू चांगलेच आहेत. औषध मात्र म्हणू नका, मुलं उद्या भाजीवर प्रिस्क्रिप्शन मागतील.

दिंडोरीचा_बागायतदार

माझी ३ एकर द्राक्षबाग आहे. औषधशास्त्र शिकलेलो नाही, पण वाचून एक डोक्यात आलं. आमच्याकडे दोन प्रकारची बुरशीनाशकं. स्पर्शजन्य, म्हणजे पानावर जिथे पडेल तिथेच काम करणारं. आणि आंतरप्रवाही, म्हणजे पानातून आत शिरून वेलीच्या रसात फिरणारं. डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) पानाच्या आत शिरली की स्पर्शजन्य कितीही मारा, वरचं पान तेवढं धुतलं जातं. आंतरप्रवाहीच लागतं.

तर ही थेट आतड्यात उघडणारी गोळी म्हणजे स्पर्शजन्य आणि ताईंच्या आईची गोळी आंतरप्रवाही, असं आहे का? चुकत असेल तर सांगा.

डॉ_गंगापूररोड

दादा, इतकं नेमकं उदाहरण मला २० वर्षांच्या सर्जरीत सुचलं नाही. उद्यापासून ओपीडीत वापरणार, परवानगी असावी.

रमाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तुमच्या आईच्या पोटात आता ती गाठ नाहीच. आतड्याचा तो तुकडा ऑपरेशनमध्ये काढला. मग औषध कशासाठी? तर १६ पैकी २ लिम्फ नोड्समध्ये पेशी पोचल्या होत्या म्हणून. ज्या पेशी तिथवर गेल्या, त्यांतल्या काही त्याहून पुढेही गेल्या असण्याची शक्यता असते. मोठ्या आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, म्हणून हा कॅन्सर पसरला तर बहुतेक वेळा पहिल्यांदा यकृतात दिसतो. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या या भटक्या पेशींना गाठायचं तर औषध रक्तातून सगळीकडे फिरलं पाहिजे. आतड्याच्या अस्तरावर कितीही अचूक औषध सोडलं तरी ते यकृतातल्या पेशीपर्यंत जाणार नाही. औषध रक्तात जात नाही हा कोलायटिसमध्ये जो फायदा, तोच इथे तोटा.

म्हणून स्मिताताईंसाठी जी गोळी वरदान, ती तुमच्या आईसाठी उपयोगाची नाही. नाशिकला काही कमी मिळतंय म्हणून नव्हे. ऑपरेशननंतर ऑक्झालिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन हा टाटामध्येही वापरला जाणारा उपचार आहे. अस्तरावरच असलेल्या अगदी सुरुवातीच्या आजारासाठी किंवा पॉलिप्ससाठी (अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या गाठी) या संशोधनातून पुढे काही हाती लागेल, अशी आशा मला आहे.

आणखी एक. 'टार्गेटेड' हा शब्द दोन अर्थांनी फिरतो आणि लोक गोंधळतात. एक, औषध ठरलेल्या जागी सोडणं. दुसरा, औषधाने पेशीतल्या ठरलेल्या रेणूवर नेम धरणं. सेटुक्सिमॅब, बेव्हासिझुमॅब ही दुसऱ्या प्रकारची. ती सलाइनमधून देतात आणि मुख्यतः पसरलेल्या आजारात वापरतात. तिसऱ्या स्टेजला ऑपरेशननंतर देऊन पाहिली, फायदा दिसला नाही.

अंबड_कोटिंग

डॉक्टरसाहेब, कॅपेसिटाबिनमध्येही एक प्रकारचा नेम आहे ना? आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

डॉ_गंगापूररोड

आहे, आणि आईंना तो जरूर सांगा. ५-एफयू तोंडाने दिलं तर आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच त्याची मोडतोड होते, किती पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून ते शिरेतून देतात. कॅपेसिटाबिन म्हणजे त्याचंच बांधून ठेवलेलं रूप. आतड्यातून ते जसंच्या तसं रक्तात जातं, मग तीन पायऱ्यांनी सुटं होतं. शेवटची पायरी ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) घडते ते कॅन्सरच्या पेशींत बऱ्याचदा जास्त असतं. म्हणजे औषध फिरतं सगळीकडे, पण जास्त मोकळं होतं ते हवं तिथे. पूर्णपणे नाही, म्हणून तळहात भाजतात. २००५ साली अमेरिकेत ऑपरेशननंतरच्या कोलन कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याआधी याच कामासाठी वारंवार सुया टोचून घ्याव्या लागायच्या.

तळहातांसाठी: दिल्लीच्या एम्सने २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांनी डायक्लोफेनॅकचं साधं जेल हातांना लावलं तर हा त्रास होण्याचं प्रमाण बरंच कमी राहिलं. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारून सुरू करा. कातडी सोलत असेल, चालताना दुखत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा, डोस कमी करता येतो. जुलाब दिवसात नेहमीपेक्षा ४ किंवा जास्त वेळा वाढले तरी तेच. गार पाण्याच्या झिणझिण्या ऑक्झालिप्लॅटिनमुळे. कोमट पाणी प्यायला द्या, फ्रिज त्यांना उघडू देऊ नका.

खरं_ते_बोला

सगळे डॉक्टर एका सुरात बोलणार. स्वस्त औषध दाबून ठेवलं जातं, केमोत पैसा आहे. माझ्या काकांना इथल्याच एका दवाखान्यात एकेका सायकलचे इतके पैसे लावले की शेत विकायची वेळ आली.

एमफार्म_सर

काकांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा राग मला समजतो. पण दाबून ठेवलं म्हणताय ते औषध पेक्टिन आणि गवारीचं आहे. देशातल्या कित्येक कॉलेजांत मुलं ते करतात, निबंध छापले जातात, कुणीही वाचावेत. मार्ग अडतो तो माणसावर खात्रीने चालण्यापाशी. आणि कॅपेसिटाबिन आता जेनेरिक आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ब्रँडनुसार किमतीत खूप फरक पडतो, तो जरूर विचारा.

पंचवटी_एक्सप्रेस

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो दोन्ही बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दवाखाना योजनेत आहे का ते आधी बघा, आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आमच्या वडिलांचं त्यातच झालं. दुसरं मत घ्यायचंच असेल तर सकाळच्या पंचवटीने दादरला उतरून परळ. आम्ही दोनदा गेलो. उपचार तेच सांगितले, पण मनाची खात्री झाली. त्या खात्रीलाही किंमत आहे. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, दवाखान्याकडून फॉर्म भरून घ्या.

हर्षदा७७

हळदीच्या कॅप्सूल सुरू करा, माझ्या नणंदेला फरक पडला.

एमफार्म_सर

भाजी-आमटीतली हळद निर्धास्त खा. जास्त ताकदीच्या कॅप्सूल मात्र केमो चालू असताना मनाने घेऊ नका. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार कमी शोषलं जातं, तरी जे जातं ते यकृतात इतर औषधांच्या वाटेत येऊ शकतं. फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांचंही तसंच, कॅपेसिटाबिनचा त्रास त्या वाढवू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती तर डॉक्टरांना सांगायलाच हवी.

डॉ_गंगापूररोड

काही करायचंच असेल तर केमो संपल्यावर चालणं सुरू करा. २०२५ मध्ये ८८९ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. कोलन कॅन्सरच्या केमोनंतर नियमित आखून दिलेला व्यायाम करणाऱ्यांत आजार परत येण्याचं प्रमाण कमी होतं. गोदापार्क आहेच.

रमा_इंदिरानगर

आईच्या उपवासाचं विचारायचं राहिलं. ती एकादशी सोडत नाही, निर्जळी नाही करत पण रात्री काही घेत नाही. गोळीचं काय करू?

पंचवटी_एक्सप्रेस

आमच्या वडिलांचाही हाच हट्ट होता. डॉक्टर म्हणाले, गोळी पोटात अन्न असतानाच. मग आईने रात्री भगर आणि दाण्याची आमटी करून वाढली, उपवास मोडला नाही आणि गोळीही झाली.

रमा_इंदिरानगर

हे आईला पटेल.

काल डॉक्टरांना भेटले. प्रश्न कागदावर लिहून नेले, पहिल्या ओळीत कुटलेल्या गोळ्यांचं. ते रागावले नाहीत. जेल लिहून दिलं, तिसऱ्या सायकलचा डोस थोडा कमी केला. व्हिडिओचं विचारलं तर हसून म्हणाले, "तुम्हाला कुणी समजावलंय वाटतं."

दिंडोरीचे दादा, तुमचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. तिचं माहेर पिंपळगावचं, बागेतच वाढलेली. म्हणाली, "म्हणजे माझी गोळी आंतरप्रवाही. मग हात जळणारच की." आणि स्वतःहून मामांना फोन लावून तेच सांगितलं. त्यानंतर मामांचा व्हिडिओ आलेला नाही.

डॉ_गंगापूररोड

फार बरं वाटलं. आता तुमच्याबद्दल. आईला झालाय म्हणजे तुम्हा भावंडांची कोलोनोस्कोपी चाळिशीला व्हायला हवी, आणि आईच्या भावंडांचीही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला सहसा १० वर्षांच्या आसपास जातात. त्या काळात तो सापडला तर कोलोनोस्कोपीतच काढून टाकता येतो.

रमा_इंदिरानगर

दादा ४३ चा आहे, मी ३९. दोघांचीही वेळ घेते.

दिंडोरीचा_बागायतदार

ताई, एक विचारू का? आईंना सुरुवातीला काय झालं होतं?

रमा_इंदिरानगर

शौचातून रक्त. चार-पाच महिने. मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्ण चाललं होतं. मग वजन उतरलं, हिमोग्लोबिन ८ वर आलं, तेव्हा तपासणी झाली. ते महिने मला अजून टोचतात.

दिंडोरीचा_बागायतदार

मला दोन महिने तसंच आहे. वय ५१. मीही मूळव्याधच समजत होतो. ऑक्टोबर छाटणी चालू आहे, वर पाऊस झाल्याने डावणीची धास्ती. एवढं उरकलं की दाखवतो.

स्मिता_कॉलेजरोड

दादा, उरकायची वाट नका बघू. प्लीज.

डॉ_गंगापूररोड

बहुतेक वेळा मूळव्याधच निघते. पण ५१ व्या वर्षी तपासल्याशिवाय तसं म्हणायचं नसतं. डावणी पानावर दिसेपर्यंत तुम्ही थांबता का?

दिंडोरीचा_बागायतदार

नाही थांबत.

भावाला बागेत उभा करतोय. सोमवारी सकाळी नाशिकला येतो.